मानाची बोली

“यात जेवण धरलंय न्हवं?” हौसाने खिडकीतल्या मुलीला विचारलं.

“हो मॅडम. पाचशे रुपयांत एंट्री, बोलीची फळी आणि लंच. नुसतं बघायचं असेल तर शंभर, पण त्यात लंच नाही.”

“मग मला बी एक फळी दे.”

“हौसे, तुला कशाला फळी?” मी म्हणाले. “गाडी घेणार त्रिशला. आपण दोघी मागे बसून बघणार. पिशवीत धपाटे आहेत, डबाभर चिवडा आहे. पाचशे रुपयांचं काय जेवणार आहेस?”

“एवढ्या मोठ्या माणसाच्या बंगल्यात आलोय, न जेवता जायचं व्हय? बासुंदी असंल, काय असंल!” असं म्हणत तिने कंबरेचा बटवा सोडला. खिडकीत नाव-गाव सांगितलं, जीभ बाहेर काढून सावकाश सही केली आणि आकडा रंगवलेली ती लाकडी फळी घेऊन वारा घालत मांडवाकडे निघाली. त्रिशलाने आपली फळी पदराखाली लपवली होती, शाळेत पाटी कोरी आणलेल्या मुलीसारखी.

मी दोघींच्या मागून चालत होते. बायका मला ब्लाउज शिवायला देतात त्याला आता चाळीस वर्षं होतील, त्यामुळे माणूस पाठमोरा दिसला की मी आधी खांदे बघते. हौसाचे खांदे सैल होते. त्रिशलाचे कानापर्यंत वर आले होते.

तो फेब्रुवारीतला रविवार होता. कोल्हापूरच्या बाहेर देशिंगकर म्हणून गिरणीमालकांचा बंगला होता. मालक वारले, मुलं परदेशी, आणि मालकांनी आवडीने जमवलेल्या जुन्या गाड्यांचा लिलाव होता. त्याची जाहिरात त्रिशलाने पेपरात वाचली आणि माझ्याकडे फॉल-पिको केलेली साडी न्यायला आली तेव्हा म्हणाली, “नले, मला लिलावाला जायचंय. येशील का?” मला वाटलं भांड्यांचा असेल.

आम्ही तिघी बोरनाळच्या, म्हणजे तिथे सुना म्हणून आलेल्या. कृष्णेच्या काठचं आमचं गाव. हौसाची आठ एकर उसाची शेती, नवरा आहे पण व्यवहार सगळा ती बघते. त्रिशला मगदूमचा नवरा भूपालअण्णा टॅक्सी चालवायचे. त्यांनी तिला लग्नानंतर दोन वर्षांतच नदीकाठच्या रिकाम्या रानात गाडी शिकवली होती. गावात कुजबुज झाली तेव्हा अण्णा म्हणाले होते, “माझा पाय मोडला तर दवाखान्यात कोण नेईल मला?” पुढे पाय मोडला नाही. एका सकाळी चहा पिता पिता गेले. त्या वर्षी त्रिशलाच्या ब्लाउजचा दंड मला अर्धा इंच आत घ्यावा लागला. टॅक्सी विकली गेली आणि तिचा मुलगा अभिनंदन बंगळूरहून दर आठवड्याला फोन करायला लागला की आई, तू आता इकडेच ये.

एसटीतच तिने आम्हाला साफ सांगून टाकलं होतं.

“हे बघा, मी काही हौस म्हणून जात नाहीये. हल्ली लग्नात नवरीला जुन्या गाडीतून आणायचं फॅड आलंय. कोल्हापूर, सांगलीत तसल्या गाड्यांना तारखा मिळत नाहीत. गाडी मिळाली तर मी ती स्वतः चालवीन आणि गावातच राहीन. नाही मिळाली तर पाडव्यानंतर बंगळूरला जाते. घराला गिऱ्हाईक बघून ठेवलंय अभिनंदननं.”

“आणि किती आहेत तुझ्याकडे?” मी विचारलं.

“दोन लाख. अण्णांच्या विम्याचे आणि टॅक्सीचे. त्याच्यावर एक रुपया नाही.”

“लागलेच तर मी...”

“नले,” ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि मी विषय सोडून दिला.

त्रिशलाला उसनं चालत नसे. तिच्या घरी वाटीभर आमटी पाठवली तर वाटी कधी रिकामी परत येत नसे, लाडू तरी येई नाहीतर शेंगा तरी. अण्णा गेले तेव्हा टॅक्सीवाल्यांनी वर्गणी काढून आणली होती. तिने सगळ्यांना चहा दिला आणि पाकीट हात जोडून परत केलं. तिला पैसे देऊ करणं म्हणजे तिच्या दारातून कायमचं उठणं होतं.

मला त्रिशला जायला नको होती. संध्याकाळी मशीन बंद करून मी तिच्या कट्ट्यावर जाऊन बसत असे आणि हौसा रानातून येताना तिथे टेकत असे. तो कट्टा विकला जाणार म्हटल्यावर मी एसटीत धपाट्यांना हातही लावला नाही. हौसा मात्र खिडकीबाहेर बघत भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. ती आमच्याबरोबर आली होती ती गुजरीत, सराफांच्या पेठेत जायला. ऊसबिल जमा झालं होतं आणि यंदा पाटल्या, तोडे आणि मोहनमाळ करायची असं तिने ठरवलं होतं. हे ती दरवर्षी ठरवायची आणि दरवर्षी मोटार जळायची नाहीतर म्हैस घ्यावी लागायची. या वेळी सराफाला द्यायचा बयाणा घेऊनच ती निघाली होती. बटवा दिसतोय एवढा फुगलेला, झाक जरा, असं मी तिला दोनदा सांगितलं.

मांडवाच्या बाजूला हिरवळीवर गाड्या ओळीने उभ्या होत्या. लांबलचक नाकाच्या, छत नसलेल्या, चाकांत तारा असलेल्या. लोक त्यांच्याभोवती जोडे न वाजवता फिरत होते. हौसा प्रत्येक गाडीच्या पत्र्यावर टकटक करून बघत होती. एका राखणदाराने तिला हात लावू नका म्हटल्यावर ती म्हणाली, “कलिंगड बी वाजवून घेतो आम्ही, बाबा.”

त्रिशलाने हेरलेली गाडी शेवटून दुसरी होती. लँडमास्टर. सायीच्या रंगाची, गोल पाठीची, समोरून बघितली तर नुकतीच जेवून उठलेल्या बाईसारखी समाधानी. बाकीच्या गाड्यांपुढे ती अगदी घरगुती दिसत होती आणि मला लगेच आवडली.

“बसून बघू का?” त्रिशलाने राखणदाराला विचारलं. तिचा आवाज इतका बारीक आला की त्याने नाही म्हणायला हवं होतं तेही म्हटलं नाही.

ती आत बसली. गियर स्टेअरिंगच्या मानेलाच होता, भूपालअण्णांच्या पहिल्या टॅक्सीसारखा. तिने तो वर-खाली केला, क्लच दाबला, सोडला, परत दाबला. मग दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून ती समोर बघत राहिली. समोर एक आंब्याचं झाड होतं फक्त. मी खिडकीतून वाकून बघितलं तर तिचे खांदे खाली आले होते.

“आली की जागेवर,” हौसा माझ्या कानाशी म्हणाली.

“कोण?”

“तीच.”

उतरताना त्रिशलाने पदराने स्टेअरिंग पुसलं. तेवढ्यात पांढरे बूट घातलेला एक माणूस आला, त्याने गाडीला एक चक्कर मारली आणि फोनवर म्हणाला, “हां, मिळून जाईल. हॉटेलच्या दारात ठेवू, इंजिन काढून आत लाइटिंग करता येईल.” त्रिशलाने ते ऐकलं आणि तिचे खांदे पुन्हा वर गेले.

मांडवात आम्ही वेगवेगळ्या बसलो. त्रिशला पुढच्या रांगेत, बोली नीट दिसावी म्हणून. हौसाला जेवणाच्या मांडवाजवळ बसायचं होतं, म्हणून ती आणि मी शेवटच्या रांगेत. लिलाव करणारा माणूस पुण्याहून आलेला होता. कोट, टाय, हातात छोटा हातोडा, आणि मराठी बोलता बोलता मध्येच हिंदीत शिरायचा. लोक फळी नुसती जरा वर करत होते, कुणी तर नुसती भुवई. एवढ्याशा हालचालीत लाख-लाख रुपये वर जात होते. हौसाला ते मुळीच पसंत पडलं नाही.

“ह्याला लिलाव म्हणत्यात? तोंडानं बोलंनात की मुडदे.”

मी चिवड्याचा डबा उघडून तिच्या मांडीवर ठेवला, म्हणजे तोंड बंद राहील म्हणून. बासुंदी होती की नाही याची ती तीनदा चौकशी करून आली होती.

लँडमास्टरची पाळी आली. कोटवाल्याने गाडीची तारीफ केली आणि म्हणाला, “सुरुवात एक लाखापासून. एक लाख कोण म्हणतंय?”

त्रिशलाने फळी वर केली.

“एक लाख, पुढच्या ताई. धन्यवाद.”

“त्रिशे!” हौसा मागून ओरडली. सगळा मांडव वळून बघायला लागला. “अगं उभी ऱ्हा की! घेणारीनं उभं ऱ्हायचं असतंय!”

त्रिशलाने मान खाली घातली. मी हौसाचं कोपर ओढलं, “इथे नाही गं तसं,” तोवर तिने आपली फळी उंच धरली होती आणि बसल्या जागेवरून खणखणीत आवाजात म्हणाली, “एक लाख धा हजार!”

मी डोक्याला हात लावला. कोटवाल्याला काहीच कळेना. हौसाला काय झालं होतं ते त्या मांडवात फक्त मला आणि त्रिशलाला कळलं.

आमच्या गावात जाखाईचं देऊळ आहे. नवरात्रात देवीला आलेल्या साड्यांचा कोजागिरीच्या आधी लिलाव होतो आणि त्यात पुरुषांना जागा नाही. जिला साडी हवी ती उभी राहून बोली करते. मग तिच्या मैत्रिणी बसल्या बसल्या ती बोली चढवतात. याला मानाची बोली म्हणतात. कारण देवीची साडी एकटीच्याच बोलीवर गेली तर साडीचाही मान राहत नाही आणि घेणारीचाही. आपली म्हणून कुणी चढवायलासुद्धा आलं नाही, असा त्याचा अर्थ होतो. दोनतीनदा चढवायचं आणि मग हात जोडून गप्प व्हायचं, म्हणजे साडी तिलाच जाते. हौसा यात पटाईत होती. गावातल्या निम्म्या बायकांचा मान तिने चढवून दिला होता.

“हौसे, ही साडी नाहीये!” मी तिच्या कानात ओरडले. “तू तिची किंमत वाढवतेयस!”

“पहिल्याच बोलीत गेली तर हलकं दिसंल तिचं. येवढी लोकं बसल्याती.”

“एक लाख वीस,” पांढरे बूटवाला म्हणाला.

“एक चाळीस.” हा त्रिशलाचा आवाज.

“दीड!” हौसा.

“हौसे, गप्प बस, माझ्या गळ्याची शपथ!”

“बसलो बाई, गप बसलो.” तिने फळी मांडीखाली घातली आणि चिवड्याचा बकाणा भरला. तिच्या मते तिचं काम झालं होतं.

पुढे खरी बोली सुरू झाली, त्रिशला आणि तो पांढरे बूटवाला. एक साठ, एक सत्तर, एक ऐंशी. तो माणूस खुर्चीत मागे रेलून, फोनवर बोलत बोलत बोट वर करत होता. त्रिशला प्रत्येक वेळी फळी दोन्ही हातांनी उचलत होती. एक नव्वद तो म्हणाला.

“दोन लाख,” त्रिशला म्हणाली.

मी मनातल्या मनात जाखाईला साडीचा नवस बोलले. हिरवी, काठाची.

“दोन दहा,” पांढरे बूटवाला म्हणाला आणि फोनवर कशालातरी हसला.

त्रिशलाची फळी वर गेली नाही. मी तिची पाठ बघत होते. तिने फळी उलटी करून मांडीवर ठेवली, वर हात ठेवले आणि ताठ बसली. झालं, मला वाटलं. पाडवा झाला की टेम्पो येईल, कट्ट्यावर दुसरं कुणी बसेल. माझे डोळे भरून आले आणि मला हौसाचा इतका राग आला की सांगता सोय नाही. हिने ते वीसतीस हजार उगाच वर नेले नसते तर, असं माझ्या मनात घोळत होतं.

“दोन दहा एक वार,” कोटवाला म्हणाला. “दोन वार...”

“सव्वादोन!”

माझ्या कानाजवळ आवाज फुटला आणि त्याच वेळी चिवड्याचा डबा खणकन खाली पडला. झाकण घरंगळत पुढच्या रांगेपर्यंत गेलं. चिवडा माझ्या पायांवर, समोरच्या गृहस्थांच्या बुटांवर, सगळीकडे. मी शरमेने खाली वाकले आणि दोन्ही हातांनी चिवडा गोळा करायला लागले. डोक्यावर माझ्या काय चाललं होतं ते मी नुसतं ऐकलं.

“दोन तीस.”

“अडीच!”

लोक हसत होते. कुणीतरी टाळी वाजवली. मग तो पांढरे बूटवाला म्हणाला, “जाऊ दे, म्हातारीला घेऊ दे,” आणि हातोडा टेबलावर पडला.

मी ओंजळभर चिवडा घेऊन वर आले तेव्हा हौसा खुर्चीत बसली होती आणि पदराने तोंड पुसत होती.

“काय केलंस हे?”

“काय की बाई,” ती म्हणाली. “तोंडातनं निघून गेलं. सवय हो.”

“अगं, गाडी तुझ्या गळ्यात पडली!”

“पडली व्हय?” तिने डोळे मोठे केले. “आता गं काय करायचं?”

मी कोटवाल्याकडे धावले. त्याला सांगितलं की बाई साधी आहे, तिला वाटलं देवळातला लिलाव आहे, चुकून बोलली. तो बिचारा भला होता, म्हणाला, आजींची खरोखर चूक झाली असेल तर मी आधीच्या बोलीवाल्यांना विचारतो. तेवढ्यात हौसा मागून आली.

“न्हाई, न्हाई. बोललेली बोली मागं घ्यायची? आणि जाखाईपुढं कुठल्या तोंडानं बसू कोजागिरीला?” तिने बटवा सोडला आणि सराफाचा बयाणा टेबलावर ठेवला. बाकीचे आठवड्यात बँकेतून देते म्हणाली आणि परत जीभ बाहेर काढून सही केली.

त्रिशला तिथेच उभी होती. ती एकटक हौसाकडे बघत होती. मला वाटलं, आता दोघींचं फाटतंय.

जेवणात बासुंदी नव्हती. गुलाबजाम होते. हौसाने चार खाल्ले आणि मग कपाळाला हात लावून बसली.

“त्रिशे, मला तर सायकल बी येत न्हाई. हे डबडं मी कुठं बांधू? गोठ्यात? घरचा माणूस तर मला जित्ती ठेवत न्हाई. माझ्याच्यानं चूक झाली, आता तूच निस्तर. तू चालीव. लग्नाची भाडी घे. निम्मं तुझं, निम्मं माझं.”

“निम्मं नको,” त्रिशला म्हणाली. “गाडी तुझी. ड्रायव्हरचा तिसरा हिस्सा असतो, तेवढाच घेईन.”

“तिसरा? आणि तेल, पाणी, पुसणं, धुणं? लोक म्हणतील हौसानं मैत्रिणीला नोकर ठेवली.”

परतीच्या एसटीत हे भांडण बोरनाळच्या फाट्यापर्यंत चाललं. एक बाई कमी मागत होती आणि दुसरी जास्त देत होती. असलं भांडण त्या एसटीच्या कंडक्टरने पूर्वी कधी बघितलं नसावं. शेवटी मी निकाल दिला की निम्मं-निम्मं, आणि लग्नातला नवरीचा ब्लाउज माझ्याकडेच शिवायला टाकायचा. गुजरीत जायचं राहूनच गेलं. मी आठवण केली तर हौसा म्हणाली, पाटल्यांनी हात जड होत्यात, भाकरी थापता येत न्हाई.

फाट्यावर उतरल्यावर त्रिशलाने मुलाला फोन लावला. आम्ही बाजूला उभ्या होतो.

“अभिनंदन, अरे, हौसाक्कानं चुकून एक गाडी घेतलीय. फार अडचणीत आलीय बिचारी. मला तिला मदत करायला पाहिजे. हो. नाही, आता लगेच यायला नाही जमणार. घराचं त्या माणसाला नाही म्हणून कळव.”

हौसाने माझ्याकडे बघितलं नाही. ती आपल्या चपलेतला खडा काढत होती.

त्याला आता सोळा वर्षं झाली. लँडमास्टर त्रिशलाच्या अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये असते. पंचक्रोशीतल्या किती नवऱ्या त्या गाडीतून मांडवात गेल्या याची गणती नाही. गाडी चालवणारी बाई आहे म्हटल्यावर नवऱ्या मुलींच्या आयांना ती जास्तच आवडते. त्रिशला पांढरी साडी आणि मनगटावर भूपालअण्णांचं घड्याळ घालून बसते. तिच्या ब्लाउजचा दंड मी पुन्हा अर्धा इंच सोडला, पुढे एक इंच सोडला.

आणि हौसाची गोष्ट मी प्रत्येक लग्नात सांगितली. देवीची साडी समजून बाईने मोटारगाडी घेतली! मी ती फार छान सांगते. एक लाख धा हजार हौसाच्या आवाजात म्हणते, कोटवाल्याचं तोंड करून दाखवते, आणि शेवटी चिवडा. चिवड्याला हमखास हसू येतं. मी खाली वाकून लोकांच्या बुटांवरचे शेंगदाणे वेचतेय आणि वर माझ्या डोक्यावर अडीच लाखांचा हातोडा पडतोय. वऱ्हाडी पोट धरून हसतात. हौसा समोर असली तर तीच सगळ्यांत मोठ्याने हसते, म्हणते, “माझ्यावाणी येडी जगात न्हाई बघा.”

गेल्या वर्षी कोजागिरीच्या आधी जाखाईच्या देवळात साड्यांचा लिलाव होता. मी आणि हौसा खांबाला टेकून बसलो होतो. त्रिशला एका नवीन जोडप्याला दर्शनाला घेऊन आली होती आणि बाहेर गाडीत थांबली होती. एक हिरवी काठाची साडी निघाली. कुणीतरी पाचशे म्हणालं, कुणी सातशे. माझ्या पुढे चौगुल्यांची सून बसली होती, मांडीवर ओटीच्या खोबरं-खारकांचा डबा घेऊन. तिला ती साडी हवी होती हे दिसत होतं, पण लाजत होती. शेवटी तिचा धीर झाला. “हजार!” म्हणत ती ताडकन उठली.

आणि डबा खणकन खाली पडला. झाकण घरंगळत गेलं.

खारका माझ्या पायाशी आल्या. मी वाकले नाही. मी तशीच बसून राहिले.

उठली म्हणून पडला.

बसून बोली करणाऱ्या बाईच्या मांडीवरचा डबा पडत नाही. एक लाख दहा हजार म्हणताना पडला नव्हता, दीड म्हणताना पडला नव्हता. सोळा वर्षं मी तो चिवडा लोकांना सांगत होते आणि तो सांडला कसा हे मला एकदाही सुचलं नव्हतं. घेणारीनं उभं राहायचं असतंय, हे त्या मांडवात ओरडून सांगणारी तीच होती.

मी हौसाकडे बघितलं. ती खाली बसल्या बसल्या चौगुल्यांच्या सुनेची बोली चढवत होती. “अकराशे!” तिच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या, हिरव्या, प्रत्येक हातात सहा-सात. तिने माझ्याकडे वळून डोळा मिचकावला आणि “बाराशे!” म्हटल्यावर हात जोडून गप्प झाली.

मी उठून बाहेर आले. त्रिशला गाडीच्या काचा पुसत होती.

“त्रिशे,” मी म्हणाले, “तो चिवड्याचा डबा. हौसा उभी राहिली होती गं.”

त्रिशलाने फडकं झटकलं, घडी घातली.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “डबा वाजला तेव्हा मी मागे वळले होते. तू खाली वाकलेली होतीस. ती उभी होती, फळी डोक्यावर धरून. दुसऱ्यांदा बोलली तेव्हाही उभीच होती. हातोडा पडल्यावर बसली.”

“आणि तू बोलली नाहीस?”

“बोलले असते तर गाडी घ्यायची नाही असं म्हणावं लागलं असतं मला.” तिने बॉनेटवरचं एक वाळकं पान उचललं. “चूक निस्तरायला सांगितली होती तिने. मी निस्तरतेय.”

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी बोलघेवडी, गावभर ही गोष्ट सांगत फिरणारी, आणि तिघींत आंधळी होते ती मीच. पण मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट इतकं बरं वाटलं की मी त्या गाडीच्या गरम टपावर हात ठेवून तशीच उभी राहिले.

हौसा देवळातून बाहेर आली. आता ती गुडघ्यावर हात ठेवून पायऱ्या उतरते. पुढच्या सीटवर बसताना म्हणाली, “काय खुसुखुसू चाललंय दोघींचं?”

“काही नाही,” मी म्हणाले. “चिवड्याची गोष्ट.”

मागच्या सीटवर नवं जोडपं येऊन बसलं होतं. नवरी म्हणाली, “कसली चिवड्याची गोष्ट, काकू?”

“सांग की,” हौसा म्हणाली. “माझ्या येडेपणाची हाय. सांग.”

त्रिशलाने गाडी सुरू केली. आरशातून तिने एकदा माझ्याकडे बघितलं. नवरीच्या शेजारी दाटीवाटीने बसलेली मी सांगायला लागले, जेवण धरलंय न्हवं पासून. कोटवाल्याचं तोंड केलं, एक लाख धा हजार हौसाच्या आवाजात म्हटलं. नवरी एवढ्यातच हसायला लागली होती. मग दोन वार आलं.

“आणि हौसाकाकू खुर्चीत बसल्या बसल्याच ओरडली, सव्वादोन!” मी म्हणाले. “मी एवढी दचकले, एवढी दचकले, की माझ्याच हाताचा धक्का लागून चिवड्याचा डबा खाली.”

पुढच्या सीटवर हौसाची मान जराशी वळली. मग ती सगळ्यांत मोठ्याने हसली.